वाचक विचारतात: बायबलात नाही, मग आलं कुठून?

ऑगस्टच्या अंकात पंधरा ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की मारिया सदेह स्वर्गात गेली असं बायबलात कुठेही लिहिलेलं नाही, पण कॅथलिकांसाठी तो श्रद्धेचा भाग आहे. एवढंच. त्यावर आलेली पत्रं बघून संपादकांनी कपाळाला हात लावला. काहींचं म्हणणं मी चर्चची बाजू सोडली, काहींचं म्हणणं बघा शेवटी कबूल केलंच. त्यामुळे शाळेच्या अ‍ॅडमिशनचे आणि सासू-सुनांचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हेच. मी कॅथलिक, जन्म वसईचा, संसार मडगावला, तेव्हा मी तटस्थ आहे असा आव काही आणणार नाही.

प्रश्न: ताई, माझा धाकटा भाऊ बिलीव्हर लोकांच्या, म्हणजे फक्त बायबल मानणाऱ्या नव्या प्रोटेस्टंट पंथांच्या, प्रार्थनेला जातो. घरात तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू झाला की उठून व्हरांड्यात जाऊन बसतो. म्हणतो पुर्गातोर (मेल्यावर आत्मे शुद्ध होतात ती अवस्था), मारियेचं सगळं, संतांना प्रार्थना, पोप, यातलं एक तरी बायबलात दाखव, पुढच्या रविवारी मी मिसाला (चर्चमधल्या उपासनेला) येतो. फादरना विचारलं तर म्हणाले ही आपली परंपरा आहे. भावाला सांगितलं तर तो हसला. नेमकं उत्तर काय द्यायचं? (एक बहीण, सासष्टी)

फादरचं उत्तर चूक नाही, पण तेवढ्यावर सोडलं तर भाऊ हसणारच, कारण परंपरा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं वाडवडील करत आले म्हणून आपण करतो, संपलं.

आधी भावाची अट बघा. बायबलात दाखव नाहीतर मानत नाही, ही अट स्वतः बायबलात कुठे आहे ते त्याला विचारा. तो बहुतेक तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, ३:१६ काढेल, की प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे आणि शिकवायला, दोष दाखवायला, सुधारायला उपयोगी आहे. ते आपणही मानतो. पण उपयोगी आहे म्हणजे दुसरं काही नकोच, असं त्यात म्हटलेलं नाही, आणि त्याच्या जरा आधी पौल तीमथ्याला म्हणतो की तू बालपणापासून हे शास्त्र जाणतोस. तीमथ्याच्या बालपणी नवा करार कुठे होता? म्हणजे त्या ओळीतून 'फक्त एवढंच' असा अर्थ काढला तर नवा करारसुद्धा बाहेर राहतो.

पण इथे टाळी वाजवून थांबू नका, आपले बरेच लोक इथेच थांबतात. नीट अभ्यास केलेला प्रोटेस्टंट असं म्हणतच नाही की प्रत्येक गोष्ट अक्षरशः लिहिलेली दाखवा. इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमं आहेत, त्यातलं सहावं सांगतं की तारणासाठी जे लागतं ते सगळं पवित्र शास्त्रात आहे, आणि जे त्यात वाचता येत नाही किंवा त्यावरून सिद्ध करता येत नाही ते श्रद्धेचा भाग म्हणून कोणाकडून मागू नये. म्हणजे तुम्हाला मारियेचा सण करायचा तर करा, पण मी मानला नाही म्हणून मला बाहेरचा म्हणू नका, असा तो मुद्दा आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन पाद्री लूथर १५२१ साली वोर्म्सच्या सभेत खुद्द सम्राटासमोर हेच म्हणाला, की पोप आणि धर्मसभा यांच्याकडून वेळोवेळी चुका झाल्यात, एकमेकांच्या उलट बोलणंही झालंय, म्हणून मला शास्त्रातून किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवा, नाहीतर मी शब्द मागे घेणार नाही. अशा माणसासमोर 'परंपरा आहे' हे उत्तर कसं टिकेल?

आता आपल्या बाजूच्या ओळी. थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र २:१५, तिथे पौल सांगतो की आम्ही तुम्हाला जे शिकवलं, तोंडी असो की पत्राने, ते धरून राहा. योहानाच्या शुभवर्तमानाचा अगदी शेवट, येशूने आणखी इतकं काही केलं की सगळं लिहायचं तर जगात पुस्तकं मावणार नाहीत. या दोन ओळींवर भाऊ लगेच मार्कचा सातवा अध्याय उघडेल आणि तो जबरदस्त अध्याय आहे, टाळायचा नाही. तिथे लोक आईबापांना द्यायचे पैसे 'हे देवाला अर्पण केलंय' म्हणून देत नव्हते आणि वर त्याला वाडवडिलांच्या परंपरेचा आधार होता, आणि येशू त्यांना सरळ म्हणतो की तुमच्या परंपरेने तुम्ही देवाचं वचन रद्द करता. म्हणजे परंपरा नावाची गोष्ट वचनाच्या विरोधात जाऊ शकते हे येशूच सांगतोय. मग प्रत्येक वेळी आपल्याला विचारावं लागतं की ही अमुक परंपरा वचन रद्द करते की वचन समजून घ्यायला मदत करते. भावाशी बोलायचं तर यावर बोला, ओळींची फेकाफेक रात्रभर चालते आणि सकाळी दोघं होते तिथेच असतात.

बरं, कॅथलिक चर्च अधिकृतपणे म्हणतं काय? ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या धर्मसभेने ठराव केला की लिखित पुस्तकं आणि प्रेषितांपासून आलेल्या अलिखित परंपरा या दोन्हींचा समान भक्तीने आणि आदराने स्वीकार करावा. यात एक गंमत आहे जी आमच्या दोतोर्नच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात कोणी सांगितली नव्हती. आधीच्या मसुद्यात होतं की सत्य काही अंशी पुस्तकांत आणि काही अंशी परंपरांत आहे, म्हणजे सरळ वाटणी. त्यावर सभेतच आक्षेप आला, आणि शेवटी ठरावात ती वाटणी ठेवली नाही, पुस्तकांत आणि परंपरांत एवढंच लिहिलं. तरी पुढे चारशे वर्षं बहुतेक धर्मशिक्षकांनी दोन वेगळ्या टाक्या असल्यासारखंच शिकवलं. १९६२ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेत दोन स्रोत म्हणणाराच मसुदा आला तेव्हा अर्ध्याहून जास्त बिशपांनी तो नको म्हटलं, नियमाप्रमाणे फेटाळायला दोनतृतीयांश मतं लागत होती ती थोडक्यात कमी पडली, तरी पोप तेविसाव्या जॉननी तो मागे घेऊन नव्याने लिहायला लावला. १८ नोव्हेंबर १९६५ ला जो दस्तऐवज मंजूर झाला त्यात म्हटलंय की शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून येतात, आणि पुढे असंही की शिकवणारं चर्च देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याची सेवा करणारं आहे. हे शेवटचं वाक्य भावाला दाखवा, त्याला ते माहीत नसणार.

पण झरा म्हणजे काय हे पणजीच्या उदाहरणाने सांगते. पायऱ्यांवरच्या त्या पांढऱ्या चर्चचं नाव निष्कलंक गर्भसंभवाच्या मारियेवरून आहे, आणि ते नाव तिथे सोळाव्या शतकापासून आहे. मारिया जन्मापासूनच, म्हणजे आईच्या पोटात आली तेव्हापासूनच पापाच्या डागाशिवाय होती, ही गोष्ट पोप नवव्या पायसनी सिद्धांत म्हणून जाहीर केली ती १८५४ च्या ८ डिसेंबरला. म्हणजे पोपनी सांगायच्या आधी तीनेकशे वर्षं पणजीकर ८ डिसेंबरचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, करतच होते. कॅथलिक ज्याला परंपरा म्हणतात ती अशी, कुठेतरी लपवलेलं गुप्त पुस्तक नाही, लोक कसे प्रार्थना करत आले, काय साजरं करत आले, बायबल कसं वाचत आले, आणि त्यावर धर्मपंडित भांडत भांडत कुठे पोचले. भांडले म्हणजे खरंच भांडले हो, संत बर्नार्डने बाराव्या शतकात या सणावर नाराजीचं पत्र लिहिलं, थॉमस अक्वायनससारख्या माणसाला ही शिकवण पटली नव्हती, मग डन्स स्कोटसने तिची बाजू मांडली आणि वारं फिरलं.

आणि आता जिथे माझं मन थोडं अडतं ते. मारियेचं सदेह स्वर्गात जाणं. १९४६ मध्ये पोप बाराव्या पायसनी जगभरच्या बिशपांना पत्र लिहून विचारलं की तुमचे लोक आणि तुम्ही हे मानता का, जाहीर करावं का, बहुतेक सगळ्यांनी हो म्हटलं, आणि १ नोव्हेंबर १९५० ला सिद्धांत झाला. पण चौथ्या शतकात एपिफानियस नावाचा बिशप, जो मारियेच्या बाजूने कडाडून लिहिणारा, तोसुद्धा लिहून गेलाय की तिचा शेवट कसा झाला हे कोणालाच ठाऊक नाही, शास्त्र गप्प आहे. मग इतक्या उशिरा वर आलेली गोष्ट प्रेषितांपासून आली असं म्हणायचं कसं? कॅथलिक उत्तर असं की बी आधीपासून होतं, झाड हळूहळू दिसलं, न्यूमन नावाच्या इंग्रज पंडिताने १८४५ मध्ये हा विचार नीट मांडला आणि त्याच वर्षी तो कॅथलिक झाला. मी पंधरा ऑगस्ट मनापासून पाळते, पण इथे भावाचा प्रश्न खराखुरा आहे आणि 'बायबलात दाखव' याला 'दाखवता येत नाही' हेच प्रामाणिक उत्तर आहे. तुम्ही चर्चवर विश्वास ठेवून ते मानता, तो ठेवत नाही, भांडण आहे ते तिथे.

पोप आणि संत या दोन विषयांना हात लावला तर अंक संपेल. पोपच्या विषयाची सुरुवात मत्तय १६ पासून करा.

प्रश्न: आम्ही मूळचे नगरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे, वास्कोत नोकरीमुळे. पहिली विनंती, आम्हाला आणि बिलीव्हर लोकांना एका माळेत ओवू नका. दुसरं, कॅथलिक मित्र नेहमी म्हणतात बायबल तुम्हाला आमच्या चर्चने दिलं, कुठली पुस्तकं घ्यायची ते आम्ही ठरवलं, तेव्हा बायबल मानता तर चर्चही माना. हा युक्तिवाद मला फसवा वाटतो. तुमचं मत? (एक वाचक, वास्को)

पहिली विनंती मान्य. गोव्यात कॅथलिक नसलेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस बिलीव्हर असं सर्रास धरतात आणि नगर-सोलापूरकडच्या लोकांना त्याचा वैताग येतो हे मी ऐकून आहे.

युक्तिवाद फसवा नाही पण आमचे लोक त्याला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं उचलायला लावतात. खरं काय ते असं, बायबलात बायबलाची अनुक्रमणिका नाही. नव्या कराराची सत्तावीस पुस्तकं, नेमकी तीच, एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. मग आफ्रिकेत हिप्पो ३९३ आणि कार्थेज ३९७ इथल्या सभांनी यादी दिली. तोपर्यंत इब्रींस पत्र, प्रकटीकरण, पेत्राचं दुसरं पत्र यांच्याबद्दल ठिकठिकाणी कुरकुर होती. तेव्हा ज्याला 'फक्त शास्त्र' म्हणायचंय त्याला शास्त्र कोणतं हे मात्र शास्त्राबाहेरून घ्यावं लागतं, हे तुम्हालाही नाकारता येणार नाही.

पण तुमच्या बाजूचं उत्तरही तयार आहे आणि ते हलकं नाही, की चर्चने ही पुस्तकं पवित्र केली नाहीत, जी पवित्र होती ती ओळखली, आणि ओळखणारा हा मालक होत नाही. मला हे पटतं. शिवाय चौथ्या शतकातल्या चर्चने यादी बरोबर ओळखली म्हणून १९५० चा पोपही बरोबरच असणार, ही मधली उडी युक्तिवादाने भरत नाही, ती श्रद्धेने भरते. आमच्या मित्रांना सांगा.

मात्र मग ते विचारतील की तुमच्यात ६६ आणि आमच्यात ७३ का, आणि तिथे तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. तोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, बेन सिराख, बारूख ही सात पुस्तकं आफ्रिकेतल्या त्याच सभांच्या यादीत होती, म्हणजे नव्या करारासाठी त्या सभा चालतात आणि जुन्यासाठी चालत नाहीत असं होतं. यावर तुम्ही जेरोमला पुढे कराल, ज्याने लॅटिन बायबल केलं आणि ज्याला स्वतःलाच या पुस्तकांबद्दल शंका होती, आणि हिब्रू लोकांच्या शास्त्रात ती नाहीत हे सांगाल. ते बरोबर आहे. ट्रेंटपर्यंत आमच्याकडेही मोठमोठे विद्वान यावर दुमत ठेवून होते.

यात गोव्याचा एक धागा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. केरळचे सुरियानी ख्रिस्ती, जे स्वतःला संत थॉमसचे म्हणतात, त्यांच्या सिरियाक बायबलात पेत्राचं दुसरं पत्र, योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण नव्हतंच, आणि त्यांचं काही अडलेलं नव्हतं. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप मेनेझेस तिकडे गेले, उदयंपेरूरला सभा भरवली, तुमची पुस्तकं ट्रेंटच्या यादीप्रमाणे आणि लॅटिन पाठाप्रमाणे दुरुस्त करा असं ठरवून घेतलं, आणि न पटलेले कितीतरी ग्रंथ जाळले गेले. म्हणजे इथे एका जुन्या परंपरेने दुसऱ्या तेवढ्याच जुन्या परंपरेवर हुकूम चालवला. त्याचा राग साठत साठत १६५३ मध्ये बाहेर आला, जेव्हा या लोकांनी मट्टंचेरीला क्रुसाची शपथ घेऊन जेझुइट पाद्रींचा अधिकार झुगारला. 'परंपरा' 'परंपरा' म्हणताना कोणाची, हे आपण कॅथलिकांनी विचारायला पाहिजे, आणि आपण सहसा विचारत नाही.

आणि तुमच्याकडची अडचण? १५२९, मारबुर्ग. लूथर आणि झ्युरिकचा सुधारक झ्विंगली, दोघंही पोपला न मानणारे, दोघंही फक्त शास्त्र म्हणणारे, समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदा जुळले आणि पंधराव्यावर फुटलं, 'हे माझं शरीर आहे' या येशूच्या वाक्याचा अर्थ काय. लूथरने म्हणे खडूने ते वाक्य टेबलावरच लिहून ठेवलं. आणि तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा घ्या, बायबलात त्याची सरळ आज्ञा नाही, तुमचं चर्च तो देतं, बिलीव्हर देत नाहीत, झ्युरिकमध्ये तर १५२७ मध्ये तान्ह्यांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या फेलिक्स मान्झला याच वादात नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे कॅथलिक नव्हते.

दोन भावांकडे जमिनीचा एकच एक-चौदाचा उतारा असतो, कागद खोटा आहे असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही, तरी कुंपण कुठे घालायचं यावरून वीस वर्षं बोलत नाहीत. कॅथलिक म्हणतो मामलेदार पाहिजे. प्रोटेस्टंट म्हणतो मामलेदारच पैसे खाणारा निघाला तर काय, कागद स्पष्ट आहे, नीट वाचा. १५१७ च्या, म्हणजे लूथरच्या बंडाच्या, आसपासचे मामलेदार (पोप आणि बिशप) कसे होते हे माहीत असलेल्या कोणाही माणसाला ही शंका चुकीची वाटणार नाही. पण मामलेदार काढून टाकल्यावर कुंपणं वाढली की कमी झाली, हे तुम्ही मला सांगा.

प्रश्न: आमच्याकडे म्हणतात शास्त्राद् रूढिर्बलीयसी, शास्त्रापेक्षा रूढी बलवान. तुमच्यातही तसंच दिसतं. सांतानाला (संत अन्नाच्या फेस्ताला) तवशी वाहतात, सांजावाला (संत योहानाच्या सणाला) विहिरीत उड्या घेतात, रेइश मागूश गावात तीन राजे घोड्यावरून येतात. हे सगळं बायबलात आहे का? (एक हिंदू वाचक, डिचोली)

नाही, आणि ते बायबलात आहे असं चर्च म्हणतही नाही. तुमच्या प्रश्नामुळे एक गोष्ट सांगायला मिळाली, की कॅथलिक शिकवणीत रूढी बलवान नाही, ती सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. ज्या परंपरेला शास्त्राबरोबर मान द्यायचा ती प्रेषितांपासून आलेली शिकवण. फेस्तातल्या चालीरीती वेगळ्या, त्या बिशपने ठरवलं तर बदलतात, बंदही होतात.

तीन राजांचंच बघा. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून ज्ञानी लोक आले एवढंच आहे. किती ते सांगितलेलं नाही, राजे होते असंही नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद, गंधरस, त्यावरून माणसं तीन झाली, मग मुकुट आले, गास्पार, मेल्किओर, बाल्थाझार ही नावं आली, आणि रेइश मागूश, चांदर, कुएलीला घोडेही आले. मारियेच्या आईचं अन्ना हे नाव बायबलात नाहीच, ते दुसऱ्या शतकातल्या याकोबाच्या नावावर चालणाऱ्या एका पुस्तकात आहे जे चर्चने बायबलात कधी घेतलं नाही. पण त्या गोष्टीत अन्नाला बरीच वर्षं मूल होत नव्हतं, म्हणून तळावलीच्या सांतानाला मूल हवं असलेली जोडपी तवशी घेऊन जातात, त्यात हिंदू जोडपीही असतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. सांजावाचं म्हणाल तर लूकच्या पहिल्या अध्यायात मारियेचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने उडी मारली असं आहे. उडी बायबलात आहे. विहीर आणि फेणी नाही.

पाद्रींनी लग्न न करणं हाही नियम आहे, सिद्धांत नाही. पेत्राला सासू होती हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि युक्रेनसारख्या ठिकाणच्या पोपला मानणाऱ्या पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चमध्ये लग्न झालेले पाद्री आजही आहेत.

एवढं मात्र मान्य करायला हवं की प्रत्यक्षात लोक या पायऱ्या पाळत नाहीत. वर्षभर मिसाला न जाणारा माणूस फेस्ताची फेरी चुकवत नाही. बिलीव्हर लोक नेमके त्याच्यावर बोट ठेवतात, आणि बोट बरोबर जागी ठेवतात.

प्रश्न: आमच्या लहानपणी दोतोर्न तोंडपाठ करून घ्यायचे पण घरात बायबल नव्हतं. आता नातू विचारतो की चर्चने ते लपवलं का. काय सांगू? (एक आजोबा, म्हापसा)

लपवलं म्हणणं जास्त होईल, हातात दिलं नाही हे खरं. १५६४ च्या नियमाप्रमाणे लोकभाषेतलं बायबल वाचायला परवानगी लागायची, कारण प्रत्येकजण आपला अर्थ काढेल ही भीती, आणि गोव्यात तर १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलेलं, त्या वातावरणात कोण कशाला पुस्तक शोधायला जाईल. मिसात वाचन व्हायचं ते लॅटिनमध्ये.

पण नातवाला दुसरी बाजूही सांगा. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांमध्ये क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत. गंमत म्हणजे त्याचा सांगाडाच प्रश्नोत्तरांचा आहे, नवख्रिस्ती लोक विचारतात आणि पाद्री सांगतात, म्हणजे आमच्या या सदराचे मूळपुरुष तेच म्हणायचे. ते बायबलाचं भाषांतर नाही, कथा सांगणं आहे, आणि लोकांनी ते वाचण्यापेक्षा ऐकलं जास्त. गोव्याच्या कॅथलिकांना बायबल कित्येक पिढ्या असं कानाने मिळालं. पान हातात घेऊन वाचायची सवय प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी लावली, मराठीत नवा करार छापला तो विल्यम केरीच्या सेरामपूरकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि १९६५ नंतर आमच्या चर्चनेच सांगितलं की बायबल सगळ्या विश्वासूंना सहज मिळालं पाहिजे. ही गोष्ट आपण चारशे वर्षं उशिरा ऐकली, लूथरचंच म्हणणं होतं ते, असं मी एकदा एका वयस्कर फादरना म्हटलं तर ते नाराज झाले नाहीत, म्हणाले ऐकली हे काय कमी.

प्रश्न: आई गेली. पुढच्या आठवड्यात महिन्याचं मीस आहे. मोठा दादा बिलीव्हर झालाय, म्हणतो मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलाविरुद्ध आहे, मी येणार नाही. आमच्या बायबलात मक्काबींचं पुस्तक आहे, त्याच्या बायबलात नाही. त्याला कसं पटवू? (एक धाकटी बहीण, बार्देश)

आईचं ऐकून वाईट वाटलं. पटवायला जाऊ नका, निदान या आठवड्यात तरी.

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, यहूदा मक्काबी लढाईत मेलेल्यांच्या पापांसाठी अर्पण करायला वर्गणी गोळा करतो, दोन हजार द्राख्मे चांदी. हीच ओळ १५१९ मध्ये लाइप्झिगच्या वादात लूथरसमोर ठेवली होती आणि तो म्हणाला हे पुस्तक प्रमाण नाही. म्हणजे तुमच्या घरातला हा वाद पाचशे वर्षांचा आहे, तो तुम्ही जेवणाच्या टेबलावर सोडवू शकणार नाही. दादा आणखी एक मुद्दा काढू शकतो, की त्या मेलेल्यांच्या अंगावर मूर्तींचे ताईत सापडले होते, म्हणजे ते मोठ्या पापात मेले, आणि मोठ्या पापात मेलेल्यांसाठी पुर्गातोर नसतो असं तर कॅथलिकच शिकवतात. चांगला मुद्दा आहे.

तुम्हाला ओळीपेक्षा जास्त आधार देणारी गोष्ट संत ऑगस्टीनच्या आईची आहे. मोनिका ३८७ मध्ये ओस्तिया इथे आजारी पडली, मुलांना म्हणाली माझं शरीर कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका, एवढंच मागते की तुम्ही जिथे असाल तिथे देवाच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा. ऑगस्टीनने हे स्वतः लिहून ठेवलंय. मक्काबींचं पुस्तक प्रमाण की नाही यावर विद्वान वाद घालत होते तेव्हाही साधे ख्रिस्ती लोक हे करत होते, आणि परंपरा म्हणजे काय याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात सरळ उदाहरण आहे. ट्रेंटच्या सभेनेही डिसेंबर १५६३ मध्ये पुर्गातोरबद्दल फार बोलणं टाळलं, पुर्गातोर आहे आणि तिथल्या आत्म्यांना प्रार्थनेने, विशेषतः मिसाने मदत होते एवढंच सांगितलं, आणि बिशपांना बजावलं की यावर नुसत्या चौकस गप्पा आणि पैसे उकळणं चालू देऊ नका. आगीची चित्रं आपण नंतर भिंतीवर टांगली.

आता काय करायचं. दादाला मिसासाठी ओढू नका. यायचंच असेल तर मागे बसू दे, कोमुन्यांव (मिसातला पवित्र प्रसाद) घ्यायचं नाही, तो घेणारही नाही, आणि काका-मावश्यांना आधीच सांगून ठेवा की त्याला टोमणे मारायचे नाहीत. नसेल यायचं तर मिसाच्या आदल्या संध्याकाळी घरी सगळे जमाल तेव्हा आईबद्दल देवाचे आभार मानायची प्रार्थना त्याला करू द्या, आभार मानायला त्याच्या लोकांची हरकत नसते, आणि वाचन त्यालाच द्या. स्तोत्र तेवीस चालेल, परमेश्वर माझा मेंढपाळ, ते दोन्ही बायबलांत आहे. फक्त आईचं जुनं कॅथलिक बायबल काढणार असाल तर आधी उघडून बघा, काही जुन्या प्रतींत तेच स्तोत्र बावीस नंबरला असतं.